कुकरच्या रिंगचे भागधारक

हरिहर टिपणीस यांनी आयुष्यात पहिल्यांदा कंपनी घेतली ती एका मंगळवारी सकाळी, चहाचा दुसरा कप संपायच्या आत. सगळी कंपनी नव्हे, पाचशे शेअर. पण त्याच दुपारी ते ठाण्याच्या चरईतल्या पूर्वरंग सोसायटीच्या जिन्यात विश्राम दळवींना म्हणाले, "आमच्या कंपनीचा डोंबिवलीला मोठा कारखाना आहे." दळवींना वाटलं, निवृत्तीनंतर यांना कुठेतरी नोकरी लागली. त्यांनी अभिनंदन केलं आणि हरिहररावांनी ते घेतलं.

मूळ सल्ला तिसऱ्या मजल्यावरच्या केदारचा. केदार आयटीतला, घरून काम करणारा, म्हणजे सोसायटीच्या मते रिकामा. तो म्हणाला होता, "काका, आपल्याला ज्यातलं कळतं ना, त्याच धंद्यातली कंपनी घ्यायची." हरिहरराव दोन दिवस आपल्याला कशातलं कळतं याचा शोध घेत होते. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला आवक-जावकीतलं कळतं, आणि त्या धंद्यात बाजारात एकही कंपनी नाही. तिसऱ्या दिवशी आसावरीबाई कुकरचं झाकण घासत होत्या. नळावर रिंग लटकत होती, आणि त्या काळ्या रबरावर बारीक उठावाची अक्षरं होती: शीतलाई.

"ही रिंग किती वर्षं वापरतेस गं?"

"सात वर्षं होतील. नवी आणली होती ती वर्षभरात सैल पडली, म्हणून हीच परत लावली."

लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या नवऱ्याला बायकोच्या वाक्याचा पूर्वार्धच ऐकू येतो. हरिहररावांनी पूर्वार्ध ऐकला आणि फोन घेऊन बसले. शीतलाई रबर प्रॉडक्ट्स लिमिटेड, डोंबिवली एमआयडीसी. शेअरचा भाव बेचाळीस रुपये.

केदारने कपाळावर हात मारला. "काका, ही स्मॉलकॅपमधली पण स्मॉल आहे. दिवसाला शंभर-दीडशे शेअर इकडचे तिकडे होतात. घ्याल, पण विकाल कोणाला?"

"विकायची कशाला?" हरिहरराव म्हणाले. "सात वर्षं टिकते रिंग!"

पण घेणंही सोपं नव्हतं. आधी डीमॅट खातं हवं. पॅनकार्डावर 'टिपणीस', आधारवर 'टीपणीस'. वेलांटीचा फरक. अर्ज परत. चौतीस वर्षांत हरिहररावांनी ऱ्हस्व-दीर्घापायी स्वतः किती अर्ज परत पाठवले असतील याची गणती नाही. पण ते कर्तव्य होतं आणि हा मात्र छळ होता. आधार दुरुस्त झाल्यावर फोनने चेहरा मागितला. पापण्या मिटा, म्हणाला. मिटल्या. हसा, म्हणाला. हरिहरराव हसले. 'कृपया हसा,' फोन पुन्हा म्हणाला. पाच वेळा हसूनही जेव्हा तो 'कृपया हसा' म्हणत राहिला, तेव्हा आतून आसावरीबाईंनाच हसू फुटलं. ते ऐकून हरिहरराव वैतागून ओठ ताणून वळले, आणि अर्ज मंजूर झाला.

इथवर प्रकरण एका घरातलं होतं. आठवड्यात भाव चव्वेचाळीस झाला आणि ते जिन्यात आलं.

दळवींनी आधी नाक मुरडलं. "हरिभाऊ, ह्यां काय खरां नाय. रबर म्हणजे ताणल्यावर तुटतलाच." पण भाव सेहेचाळीस झाल्यावर त्यांनी दोनशे घेतले, नव्या स्कूटरच्या पैशांतून. मग सोसायटीचे सेक्रेटरी घेते झाले, त्यांचा कळव्याचा मेहुणा घेता झाला, मेहुण्याच्या ऑफिसातले चौघे घेते झाले. तळमजल्याच्या कलावतीबाईंनी कवळीसाठी साठवलेल्या पैशांतून शंभर घेतले. "महिनाभर मऊ भात खाईन," त्या म्हणाल्या, "मग कवळी पण चांगल्यातली घेईन." शेअरला एका दिवसात पाच टक्क्यांवर चढायला बंदी होती, त्या रेषेला टेकला की 'सर्किट लागलं' म्हणायचं. हे सर्किट रोज लागू लागलं. बायका भाजीवाल्याशी बोलताना "आज पण लागलं हो" म्हणू लागल्या. ज्याने सावध केलं होतं त्या केदारनेही एका रात्री गुपचूप तीनशे घेतले आणि हे कोणाला सांगू नका म्हणून सर्वांना सांगितलं.

हरिहररावांचा तो सुवर्णकाळ. लिफ्टमध्ये त्यांना आधी चढू देत. सेक्रेटरीने टाकीच्या गळतीवर त्यांचं मत विचारलं. "लाँग टर्ममध्ये बंद होईल," ते म्हणाले, आणि सेक्रेटरीने मान डोलावली.

भाव एकाहत्तरला पोचला तेव्हा दळवी म्हणाले, "आता पुरे. स्कूटर घेतंय." त्यांनी शेअर विकायला लावले. घ्यायला कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावले, पाच टक्के खाली. तरी कोणी नाही. दळवींना विकता येत नाहीत हे कळल्यावर सेक्रेटरींनाही विकावेसे वाटले, मेहुण्यालाही, मेहुण्याच्या चौघांनाही. आता सर्किट रोज खालच्या बाजूने लागू लागलं. सकाळी सव्वानऊला बाजार उघडे आणि नऊ सोळाला पूर्वरंग सोसायटीत सामसूम होई. विकणारे सगळे एका जिन्यातले, घेणारं जगात कोणी नाही.

लिफ्टमध्ये आता हरिहररावांसाठी जागा नसे. "काय टिपणीस, आपली कंपनी काय म्हणते?" असं लोक विचारत, आणि 'आपली' या शब्दावर असा जोर देत की ऐकणाऱ्याने जिन्यानेच जावं. दळवींनी सकाळी तलावपाळीला बरोबर फिरायला येणं बंद केलं. सगळ्यांत वाईट कलावतीबाईंचं. त्या एक शब्द बोलत नसत. हरिहरराव दिसले की तोंडाला पदर लावून नुसत्या बघत. त्या पदराआड काय नाही हे ठाऊक असल्याने हरिहररावांना घास गिळवेना.

अशात कंपनीचा वार्षिक अहवाल कुरिअरने आला. सर्वसाधारण सभा, शनिवार, सकाळी दहा वाजता, कारखान्याच्या कँटीनमध्ये. हरिहरराव ताठ बसले. मालकाला जाब विचारण्याची ही रीतसर जागा होती, आणि रीतसर जागा म्हटलं की त्यांच्या अंगात बळ येई. त्यांनी चार फुलस्केप भरून भाषण लिहिलं. सुरुवात होती 'सन्माननीय अध्यक्षमहाशय' आणि चौथ्या पानापर्यंत अध्यक्षमहाशयांचा सन्मान संपत आलेला होता.

सोसायटीने टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला. अकरा जण, दळवी पुढच्या सीटवर. पण त्या गाडीत हरिहररावांना कोणी बोलावलं नाही. तेव्हा ते आसावरीबाईंसह आदल्या संध्याकाळीच डोंबिवलीला मेहुणीकडे मुक्कामाला गेले. "तू कशाला येतेस?" त्यांनी विचारलं होतं. आसावरीबाईंनी पिशवीत कुकरच्या दोन रिंगा टाकल्या, एक जुनी, एक नवी. "मला माझं काम आहे," त्या म्हणाल्या.

कारखान्याच्या फाटकावर रतन नावाचा वॉचमन होता.

"कुठं?"

"आम्ही भागधारक." हरिहरराव निवृत्तीच्या दिवशीच्या सफारीत होते.

"पार्टवाले मागच्या गेटनं."

"अहो, भाग म्हणजे पार्ट नव्हे. शेअर. आम्ही मालकांपैकी आहोत."

रतनने त्यांना खालून वर पाहिलं. "मालक आत बसलेत. तुम्ही वहीत लिवा." वहीत भेटीचं कारण असा रकाना होता. हरिहररावांनी वळणदार अक्षरात 'मालकी' असं लिहिलं. रतनने ते वाचलं, आणि खुर्ची पुढे करून फोन लावला. "संचिता मॅडम, एक म्हातारं माणूस आलंय. जरा चमत्कारिक बोलतंय."

संचिता मॅडम म्हणजे कंपनी सेक्रेटरी. तिशीच्या आतली, हातात रजिस्टर, चेहऱ्यावर घाम. ती धावतच आली, पण तक्रार ऐकायला नव्हे.

"सर, तुम्ही खरंच शेअरहोल्डर आहात? ओरिजिनल? प्लीज इथे सही करा. प्लीज." आणि सही होताच कँटीनकडे तोंड करून ओरडली, "सर, नऊ झाले!"

कँटीनमध्ये पन्नास खुर्च्या मांडल्या होत्या आणि आठ माणसं बसली होती. अध्यक्ष धोंडीबा औटी, त्यांच्या सौभाग्यवती, मुलगा, मेहुणा, आणि चार जुने कामगार. धोंडीबाशेठ पांढरा शर्ट, पांढरी टोपी, आणि नखांत मुरलेलं काळं रबर. पारनेरकडून हा माणूस चाळीस वर्षांपूर्वी मशीनवर हेल्पर म्हणून आला होता, आणि अजूनही त्याला खुर्चीपेक्षा मशीनशी उभं राहणं बरं वाटत असावं असं दिसत होतं.

"या की," ते म्हणाले. "पोहे घ्या. सभा झाली तर करू."

"झाली तर?"

संचिताने सांगितलं ते असं. भागधारक हजाराच्या आत असले तर सभेला पाच जण पुरतात. आजवर नऊशे ऐंशीच्या आसपास होते, सभा दरसाल घरच्या घरी सात मिनिटांत आटपायची. यंदा ते अचानक एक हजार चौदा झाले. आता कायद्याने पंधरा माणसं समक्ष हवीत. साडेदहापर्यंत पंधरा भरली नाहीत तर सभा रद्द, पुढच्या शनिवारी पुन्हा.

हरिहररावांचा हात खिशातल्या चार फुलस्केपांवर गेला. सभा नाही म्हणजे भाषण नाही. पुढच्या शनिवारी दुसरा टेम्पो कोण करणार? आणि भाषणाशिवाय ठाण्याला परत जाणं म्हणजे उरलेलं आयुष्य जिना चढणं. त्यांनी दळवींना फोन लावला.

"कुठे आहात?"

"काटई नाक्यावर! अर्धो तास झालो, चाक हलूक नाय! केदार म्हणता मॅप हिरवो आसा. हिरवो खय, माझो बाप लाल झालो तरी हिरवोच दाखयता!"

दहा बारा. दहा वीस. धोंडीबाशेठ पोहे वाढत होते. संचिता शेठच्या मेहुण्याला विचारत होती, कामगारांपैकी अजून कोणाच्या नावावर एखादा तरी शेअर आहे का. आसावरीबाई औटीबाईंशी कुकरबद्दल बोलत बसल्या होत्या.

दहा पंचवीसला रस्त्यावरून आरडाओरडा ऐकू आला. पूर्वरंग सोसायटी टेम्पो सोडून शेवटचा टप्पा चालत आली होती. पुढे दळवी, घामाने निथळलेले, मागे केदार, सेक्रेटरी, आणि सर्वांत शेवटी पदर खोचलेल्या कलावतीबाई.

"बाहेर बोलवा मालकाक!" दळवी फाटकावरून गरजले.

संचिता रजिस्टर घेऊन त्यांच्या अंगावर धावली. "सर, सही! आधी सही!"

"सही करूचा नाय! सहीनंच माणूस अडकता!"

दहा सत्तावीस. हरिहरराव फाटकापाशी पोचले. आवक-जावकीची चौतीस वर्षं त्या क्षणी कामी आली. खालच्या आवाजात, पूर्वी ज्या सुरात ते उद्या या म्हणत असत त्याच सुरात, ते म्हणाले, "विश्राम, सही केल्याशिवाय भांडण नियमात बसत नाही. असंच भांडलास तर ती नुसती आरडाओरड. सही करून भांडलास तर इतिवृत्तात येईल."

दळवी थांबले. आयुष्यभर भांडून त्यांचं एकही भांडण कधी इतिवृत्तात आलं नव्हतं. त्यांनी पेन घेतलं. त्यांच्यामागे रांग लागली. दहा एकोणतीसला कलावतीबाईंनी सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली, आणि संचिता "वीस! वीस झाले!" म्हणत खाली बसली.

सभा सुरू झाली. हरिहरराव उठले, खाकरले, सन्माननीय अध्यक्षमहाशय म्हणाले आणि पहिल्या पानाच्या मध्यावर पोचले. "माझा प्रश्न असा, की गेल्या तीन महिन्यांत आपल्या कंपनीत असं काय चांगलं घडलं, की भाव बेचाळीसवरून एकाहत्तरवर गेला, आणि मग असं काय वाईट घडलं, की तो रोज पडतोय? भागधारकांना अंधारात का ठेवलं?"

टाळ्या पडल्या. धोंडीबाशेठ उभे राहिले. टोपी काढली, परत घातली.

"साहेब, खरं सांगू? मलाच कळंना. रिंगा तेवढ्याच निघतात. गिऱ्हाईक तेच. भाव चढाया लागला तसं शेअरबाजारातून पत्र आलं, की कंपनीत काय विशेष घडलंय ते कळवा. मी मॅडमला म्हणलं, काय घडलंय? मॅडम म्हणली काय न्हाई. तसं लिहून दिलं. मला झोप लागंना. म्हणलं आपल्या कारखान्यात कायतरी चांगलं चाललंय आन् आपल्यालाच ठाव न्हाई! मेहुण्याला वाटलं मी लपवतोय, त्यानं अबोला धरला." मेहुण्याने खाली पाहिलं. "मग मॅडमनं यादी काढली. नवीन घेणारे सगळे ठाण्याचे, आन् त्यातले निम्मे एकाच पत्त्यावरचे. म्हणलं ही ठाण्याची शिकलेली माणसं, यांना कायतरी बातमी असणार. आज सभेला आली तर विचारून घ्यावं." त्यांनी हात जोडले. "तर तुम्हीच सांगा साहेब. आमच्या कंपनीत काय चांगलं चाललंय?"

वीस माणसं हरिहररावांकडे बघत होती. हरिहररावांकडे अजून साडेतीन पानं होती. त्यांतल्या एकाही ओळीत याचं उत्तर नव्हतं.

"म्हणजे," केदार हळूच म्हणाला, "आपणच घेत होतो म्हणून चढत होता?"

"आणि आपणच इकतंव म्हणान..." दळवींनी वाक्य सोडून दिलं.

तेवढ्यात आसावरीबाई उभ्या राहिल्या. हातात दोन रिंगा. "ही सात वर्षांची. अजून ताठ आहे. ही मागच्या वर्षीची, बघा कशी लोळतेय. तुम्ही रबर बदललंत का?"

संचिता लगबगीने म्हणाली, "सॉरी मॅडम, आपण शेअरहोल्डर नाही. आपल्याला बोलता येणार नाही. इतिवृत्तात घेता येणार नाही."

पण धोंडीबाशेठ खुर्ची सोडून निघालेच होते. त्यांनी दोन्ही रिंगा हातात घेतल्या, ताणल्या, वास घेतला, नखाने दाबल्या. इतक्या वेळात पहिल्यांदा त्या माणसाचा चेहरा जागेवर आला. "बदललंय, बाई. मुलानं स्वस्ताचं आणलं. मी म्हणलं होतं त्याला." मुलगा पोह्यांच्या बशीत बघू लागला. "कुठल्या महिन्यात घेतली? किती लिटरचा कुकर? रोज किती वेळा लावता?" आणि त्यांनी स्वतःच्या भाषणाचा कागद उलटा करून, आसावरीबाई सांगतील तसं, दोन्ही बाजूंनी भरेपर्यंत लिहून घेतलं.

परतीच्या वाटेवर हरिहररावांना टेम्पोत जागा मिळाली. प्रत्येकाच्या मांडीवर कंपनीने भेट दिलेली एकेक रिंग होती, जुन्या मालातली.

सोमवारी सकाळी भाव सत्तेचाळीसवर होता. हरिहररावांनी नऊलाच पाचशे शेअर विकायला लावले, रोजच्यासारखेच, काही आशा न धरता. नऊ पंधराला फोन वाजला. विकले गेले! ते ओरडतच जिन्यात आले. केदार वरून धावत आला, "काका, कलावती आजींचे पण गेले! शंभरच्या शंभर! कोणीतरी बायर आलाय!" दळवींनी घाईघाईने फोन उघडला, पण तोवर तो सहाशेचा खरेदीदार येऊन गेला होता. मोठी संस्था असावी असं सेक्रेटरींचं मत पडलं. परदेशीही असू शकते, असं केदार म्हणाला. कलावतीबाई पदर न लावता मोकळ्या तोंडाने हसल्या आणि दातांच्या डॉक्टरला फोन करायला आत गेल्या. दळवींचे दोनशे मात्र पुढे महिनाभरात पाच-पाच, दहा-दहा करून गेले, आणि स्कूटर सेकंडहँड आली.

दुपारी जेवताना हरिहरराव खुशीत होते. "सुटलो बाबा. कोण देवमाणूस आला कोणास ठाऊक."

आसावरीबाईंनी आमटी वाढली. "मी घेतले."

"काय घेतलंस?"

"शेअर. क्षिप्राने रविवारी फोनवरून खातं उघडून दिलं. कलावतीबाईंना सांगून ठेवलं होतं, नऊच्या आत लावा म्हणून. तुम्ही रोज लावताच."

क्षिप्रा म्हणजे त्यांची बंगलोरची मुलगी, जिने बापाला दोन महिने 'शेअरच्या नादी लागू नका' असं बजावलं होतं. आणि पैसे आसावरीबाईंच्या स्वतःच्या, शाळेतल्या नोकरीतल्या पेन्शनचे. त्यावर बोलायची सोय नव्हती.

"अगं पण का? बघितलंस ना तिथे, कंपनीत काहीसुद्धा विशेष चाललेलं नाही!"

"त्या माणसाने माझं म्हणणं लिहून घेतलं," आसावरीबाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षांत या घरात कोणी घेतलं नाही. आणि तिथली ती रजिस्टरवाली पोरगी मला म्हणते, तुम्हाला बोलता येणार नाही. आता बघते कसं येत नाही ते."

वर्ष गेलं. कंपनीने रबर पुन्हा जुनं केलं असं अहवालात एका ओळीत आलं. ती ओळ आसावरीबाईंनी पेनाने अधोरेखित करून फ्रीजवर लावली. भाव पंचेचाळीस ते पन्नास या दरम्यान शांतपणे नांदत होता. जिन्यात त्याबद्दल कोणी बोलत नसे. दळवी पुन्हा फिरायला येऊ लागले होते आणि सध्या त्यांचं लक्ष म्युच्युअल फंडावर होतं.

यंदाच्या सभेची नोटीस श्रीमती आसावरी हरिहर टिपणीस यांच्या नावाने आली. नेमकं त्याच आठवड्यात क्षिप्राच्या मुलीचं, सान्वीचं, मुंज नसली तरी तितक्याच थाटाचं अरंगेत्रम, म्हणजे नृत्याचा पहिला जाहीर कार्यक्रम, ठरलं होतं, आणि आजीला आधीपासून बंगलोरला जाणं भाग होतं. आसावरीबाई खूप चुटपुटल्या. मग त्यांनी नोटिशीच्या शेवटी जोडलेला प्रॉक्सीचा फॉर्म काढला. आपल्या जागी दुसऱ्या कोणाला पाठवायचं असेल तर भरायचा तो. त्यावर त्यांनी नवऱ्याचं नाव लिहिलं, आडनावातली वेलांटी नीट बघून.

हरिहररावांना भरून आलं. म्हणजे फाटक, रतन, पोहे, धोंडीबाशेठ. आणि मागच्या वेळी राहून गेलेली साडेतीन पानं! ते लगेच कपाटाकडे वळले. "काळजी करू नकोस. तुझ्या वतीने मी असं बोलेन की..."

"थांबा," आसावरीबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला आणि फॉर्मखालची बारीक अक्षरातली टीप सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचली. "प्रॉक्सीला सभेस हजर राहता येईल. सभेत बोलण्याचा अधिकार राहणार नाही."

मग त्यांनी पेन पुढे केलं. "करा सही."